द्राक्षाचं हरवलेलं कार्ड

१

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या कोशातून एक शब्द चोरीला गेल्याचं उघडकीस आलं. शब्द होता युव्हिआयटिस. डोळ्याच्या आत एक काळसर पडदा असतो. त्याला सूज आली की डोळा लाल होतो, ठणकतो, नजर धुरकट होते. त्या आजाराचं हे नाव. या चोरीचा तपास मी केला आणि चोर दीड दिवसात शोधून काढला. त्याची मला आजही लाज वाटते. ती का, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

आमचं कार्यालय म्हणजे वैद्यकीय शब्दांचा कोश तयार करणारी जागा. तिसरा मजला, चार खोल्या, भिंतभर लाकडी कप्पे आणि कप्प्यांत कार्डं. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. वर शब्द, मध्ये त्याचा अर्थ आणि तो आला कुठून याची हकिगत, त्याखाली ती हकिगत ज्या पुस्तकात आहे त्याचं नाव आणि पान. सगळ्यांत खाली दोन चौकटी, ‘लिहिले’ आणि ‘पाहिले’. कार्ड लिहिणारा पहिल्या चौकटीत खूण करतो. दुसऱ्या चौकटीत दुसऱ्याच माणसाने खूण करायची, आणि त्याआधी ते पुस्तक स्वतःच्या हाताने उघडून ते पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. हा नियम कोशाच्या संस्थापकांचा. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, तरी नियमाला कोणी हात लावलेला नाही.

गेलेलं कार्ड खुद्द भाऊंनी लिहिलेलं होतं, म्हणून तर एवढा गहजब. त्यावरची गोष्ट आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होती. एक म्हातारा वैद्य द्राक्षाच्या मांडवाखाली बसलेला असतो, त्याची नात एक काळं द्राक्ष सोलून त्याच्या तळहातावर ठेवते आणि म्हणते, आजोबा, हा बघा डोळा. त्यावरून म्हणे त्या पडद्याला द्राक्षाचं नाव पडलं आणि त्या सुजेलाही. दर कार्यक्रमात ही गोष्ट कोणीतरी सांगायचंच. मी स्वतः निदान वीस वेळा सांगितली असेन, आणि नातीचा आवाज काढून सांगितली आहे.

गुरुवारी एका डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र आलं. कोशाची मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, आम्ही जाणकारांकडे तपासायला पाठवतो, तशी त्यांच्याकडेही गेली होती. ही गोष्ट मला पटत नाही, मूळ कार्ड सोमवारच्या समितीपुढे ठेवा, असं त्यांनी लिहिलं होतं. संपादक बाईंनी पत्र सगळ्यांसमोर वाचलं. शुक्रवारी त्यांनी कार्ड मागवलं तेव्हा मावशी कप्प्याकडे गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. मावशी म्हणजे कार्डांची व्यवस्था पाहणाऱ्या. गेली सव्वीस वर्षं किल्ल्या त्यांच्याच कमरेला. दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक कार्ड इकडचं तिकडे झालं नव्हतं.

हरवलेली वस्तू शोधण्यात माझा हातखंडा, म्हणून मला कार्यालयात ‘दुर्बीण’ म्हणत. मला ते आवडायचं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की कार्ड आपोआप चालत जात नाही, आपल्याकडे वावरणाऱ्या कोणीतरी ते काढलं आहे आणि सोमवारपर्यंत मला नाव हवं आहे.

मावशी मधेच म्हणाल्या, “त्याच्याकडे नको देऊ हे काम.”

का, ते त्यांनी सांगितलं नाही.

२

पहिला संशय अर्थातच डॉक्टरांवर. बुधवारी ते मुद्रितं परत द्यायला आले होते आणि कप्प्यांच्या खोलीत बराच वेळ एकटेच होते. मी त्यांच्या दवाखान्यात गेलो. अंधाऱ्या खोलीत एका बाईच्या डोळ्यात उजेड टाकून ते बघत होते. मला त्यांनी स्टुलावर बसवलं आणि काम न थांबवता बोलत राहिले. लोक याला डोळे येणं समजतात आणि घरी बसून राहतात, मग नजर जाते, असं काहीतरी ते सांगत होते. मी मुद्द्यावर आलो तेव्हा ते हसले. ते कार्ड बघायला मिळावं म्हणून मी पत्र लिहिलं, मग बघण्याआधीच मी ते पळवीन कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न बिनतोड होता. निघताना त्यांनी विचारलं की ते पान कोणी पाहिलं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे पाहिल्याशिवाय काही छापत नाहीत. हे मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

दुसरा संशय भाऊंच्या जावयावर. सासऱ्यांवर ते एक गौरवग्रंथ काढत होते आणि गुरुवारची सगळी दुपार त्यांनी कप्प्यांपाशी काढली होती. माणूस हौशी, सासऱ्यांचं चष्म्याचं घरसुद्धा जपून ठेवणारा. आठवण म्हणून एखादं कार्ड खिशात घालणं त्यांना अवघड नव्हतं. पण त्यांची अवस्था बघवत नव्हती. त्याच कार्डाचं छायाचित्र त्यांच्या मुखपृष्ठावर जायचं होतं, आणि कार्ड चोरीचं ठरलं तर ते छापता कसं येणार? चौकशी करायच्या ऐवजी मलाच त्यांना धीर द्यावा लागला.

उठता उठता ते सहज म्हणाले, “गुरुवारी चार वाजता कार्ड जागेवर होतं हो. मी मावशींना फोटोसाठी काढून द्या म्हटलं. त्यांनी कप्पा उघडला, कार्ड कितीतरी वेळ बघत राहिल्या, आणि मला म्हणाल्या, उद्या या.”

माझ्या अंगावर काटा आला. तो आनंदाचा होता, हे कबूल करायला हवं.

३

संध्याकाळी मी कप्पा नीट पाहिला. आमच्या कार्डांना खालच्या बाजूला भोक असतं आणि कप्प्यातल्या सगळ्या कार्डांतून एक पितळी दांडी गेलेली असते. घाईने कार्ड ओढलं तर भोकाशी फाटतं आणि कपटा दांडीला राहतो. इथे कपटा नव्हता. कोणीतरी दांडीचा स्क्रू सोडवून, कार्ड अलगद काढून, दांडी पुन्हा घट्ट बसवली होती. चोराला कार्डाची माया होती. आणि स्क्रूची चावी मावशींच्या जुडग्यात होती.

तिथून मी ग्रंथालयाच्या खोलीत गेलो. आमच्याकडे पुस्तक घरी न्यायचं असो की नुसतं फळीवरून काढायचं असो, त्याच्या चिठ्ठीवर नाव आणि तारीख घालावी लागते. चिठ्ठ्या वेगळ्या पेटीत असतात. कार्डावर ज्या जाड, जुन्या पुस्तकाचा आधार होता त्याची चिठ्ठी मी काढली. तिच्यावर एकच ओळ होती. मावशींचं नाव आणि गुरुवारची तारीख. चोरी करायला निघालेल्या बाईने आधी रीतसर नोंद केली होती. मला हसू आलं. चिठ्ठी मी पाकिटात घातली. पुस्तक समोरच्याच फळीवर होतं, पण ते उघडून बघायची मला गरज वाटली नाही.

शनिवारी सकाळी मावशींसमोर जाऊन बसलो. त्या एका कप्प्यातली वाकडी कार्डं सरळ करत होत्या. मी स्क्रूचं सांगितलं, जावयांचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं. त्यांनी काही नाकारलं नाही.

“माझ्या हातून हरवलं असं लिही,” त्या म्हणाल्या.

“हरवलं की तुम्ही काढलंत, मावशी?”

“तुला जे दिसतंय ते लिही.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुला अजून काही विचारायचं नाहीये का मला?”

मला काही विचारायचं नव्हतं. माझं कोडं सुटलं होतं.

४

अहवाल मी दोन पानांत लिहिला आणि तो चांगला उतरला. त्यातला युक्तिवाद असा. डॉक्टरांचं पत्र आल्यावर मावशींना शंका आली, त्यांनी पुस्तक काढून पाहिलं, आणि भाऊंची गोष्ट त्या पानावर नाही हे त्यांच्या लक्षात आलं. भाऊंवर त्यांची अपार श्रद्धा. गेलेल्या माणसाची शोभा होऊ नये म्हणून त्यांनी कार्ड नाहीसं केलं. हेतू चांगला, पण कृत्य कोशाशी द्रोहाचं. ‘द्रोह’ हा शब्द मी विचार करून घातला होता.

बाईंनी अहवाल वाचला, मावशींना बोलावून त्यांनाही वाचायला दिला. मावशींनी तो शांतपणे वाचला आणि खरं आहे म्हणाल्या. बाईंचा चेहरा उतरला. समितीचा निर्णय होईपर्यंत कामावर येऊ नका, असं त्यांना सांगावं लागलं. मावशींनी किल्ल्यांचं जुडगं टेबलावर ठेवलं, खुर्चीवरची आपली उशी काखेत घेतली आणि जिना उतरून गेल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीचा शेवट मी दोन पानांत केला होता. मला वाईट वाटलं, पण त्या वाटण्याखाली शाबासकीची वाट बघणंही चालू होतं.

बाई पुरावे चाळत होत्या. चिठ्ठी त्यांनी उलटसुलट करून पाहिली.

“ही एकच चिठ्ठी? जुनी भरली म्हणून बदललेली नाही?”

मी अभिमानाने सांगितलं की नाही, पुस्तक आल्यापासूनची हीच चिठ्ठी, खात्री करून घेतली आहे. इतक्या वर्षांत पुस्तकाला फक्त मावशींनी हात लावला.

“मग ते पान,” बाईंनी विचारलं, “आपल्यापैकी पाहिलं कोणी?”

५

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी पुस्तक आणायला गेलो. फळीपासून बाईंच्या टेबलापर्यंत वीसेक पावलं असतील, पण ती संपेनात.

जुनी पुस्तकं घड्या न कापता यायची. वाचणाऱ्याने पानांच्या कडा सुरीने कापत कापत पुढे जायचं. हे पुस्तक तसंच होतं. सुरुवातीची काही पानं आमच्याकडे येण्याआधीच कोणीतरी कापलेली, पुढची सगळी वरून जोडलेली. गोष्टीचा आधार म्हणून दिलेलं दोनशे बारावं पान त्या बंद घडीच्या पोटात होतं. ते आजवर कोणीच पाहिलेलं नव्हतं. मावशींनीसुद्धा नाही, त्यांनी फक्त घडी बंद आहे एवढं पाहिलं होतं.

बाईंनी कागद कापायची सुरी घेतली आणि घडी कापली. पानावर ना मांडव होता ना नात. साधी माहिती होती. जुन्या काळचे वैद्य डोळ्याचे वरचे पापुद्रे सोलत गेले तेव्हा आत काळसर गोळा लागला, आणि त्याला समोर बाहुलीचं भोक. देठावरून ओढून काढलेल्या काळ्या द्राक्षाला देठाच्या जागी असंच भोक राहतं. लॅटिनमध्ये द्राक्षाला उव्हा म्हणतात; त्यावरून पडद्याला नाव पडलं आणि पुढे पडद्यावरून सुजेला. भाऊंच्या गोष्टीपेक्षा हे कितीतरी चांगलं होतं. भाऊंनी गोष्ट कुणाच्या तरी तोंडून ऐकली असेल आणि सांगणाऱ्याने ज्या पुस्तकाचं नाव घेतलं ते लिहून टाकलं असेल, असं बाई म्हणाल्या. चूक भाऊंकडून झाली. पण चुका होतात म्हणून तर दुसरी चौकट आहे.

मग मला ते दिसलं, जे पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं. कार्डावरचा शब्द, गोष्ट, पुस्तक, पान, सगळं मुद्रितात छापलेलं होतं. भाऊंची चूक लपवायची तर कार्ड नाहीसं करून काय उपयोग? मुद्रितात नसलेली गोष्ट कार्डावर एकच होती. खालच्या दोन चौकटींतल्या खुणा. ‘लिहिले’मध्ये भाऊ, हे जगजाहीर होतं. ज्याने कोणी कार्ड लपवलं, त्याला फक्त दुसरी खूण लपवायची होती.

आणि त्या कप्प्यातल्या मागच्यापुढच्या कार्डांवर दुसरी खूण कोणाची होती, हे मी शुक्रवारीच पाहिलं होतं. हिरव्या शाईची, लांब शेपटीची. कार्यालयात हिरवी शाई मी एकटा वापरतो.

मला सगळं आठवलं. अकरा वर्षांपूर्वीची दुपार, टेबलावर भाऊंच्या हातच्या कार्डांचा गठ्ठा, आणि भाऊ समोरच्या खुर्चीत बसलेले. त्यांच्यादेखत उठून त्यांनी लिहिलेलं पुस्तकाशी ताडून बघणं मला उद्धटपणाचं वाटलं होतं. भाऊंनी लिहिलंय, त्यात काय पाहायचं? गठ्ठा मी अर्ध्या तासात संपवला होता. भाऊंनी माझं कौतुक केलं होतं.

“कार्ड सापडल्याशिवाय खूण कोणाची ते कळणार नाही,” बाई थकून म्हणाल्या, “आणि मावशी काही कार्ड देणार नाहीत.”

मी ‘हो’ म्हणालो आणि घरी गेलो. म्हणजे तोंड उघडायची वेळ होती तेव्हा मी ते बंद ठेवलं. मावशींनी गुन्हा कबूल केला होता, अहवालावर माझी सही होती, सगळं जुळून आलं होतं. मी गप्प बसलो असतो तर कधीच कोणाला काही कळलं नसतं. शनिवारचा उरलेला दिवस हाच विचार मी उलटसुलट करत होतो. बायकोने दोनदा विचारलं की काय झालंय. दोन्ही वेळा मी डोकं दुखतंय म्हणालो.

६

रविवारी सकाळी मी मावशींच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीने दार उघडलं, मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाली, “तो अहवाल लिहिणारे तुम्हीच का?” मी मान हलवली. ती बाजूला झाली, पण बसा म्हणाली नाही.

मावशी खिडकीशी पालेभाजी निवडत होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. उठून त्यांनी कपाटातून एक पाकीट काढलं. कार्ड वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावलेला होता. आत भाऊंचं बारीक अक्षर आणि खाली माझी हिरवी खूण. किती ठसठशीत केली होती मी ती.

“मी लिहिलं की तुम्ही हे भाऊंसाठी केलंत,” मी म्हणालो.

“वाचलं मी. भाऊ गेले रे. त्यांचं आता कोण काय वाकडं करणार आहे?”

“मग माझ्यासाठी कशाला?”

“एक कार्ड हरवलं तर एक म्हातारी वेंधळी ठरते. ही खूण खोटी निघाली तर तुझी सगळी कार्डं खोटी ठरतात. माझे दोन महिने राहिलेत, तुझी वीस वर्षं. एवढाच हिशेब केला.” त्या पुन्हा खाली बसल्या. “बाईला सांगितलं होतं तुझ्याकडे देऊ नको. तिने दिलं. मग मला वाटलं, बरं झालं, आता तुला पहिल्याच दिवशी कळेल आणि तू येशील. शनिवारी तू समोर येऊन बसलास तेव्हा वाटलं, आलास.”

जमीन दुभंगून आत जावं असं नुसतं म्हणतात. मला खरंच तिथे उभं राहवेना आणि जाताही येईना. मी माफी मागितली. त्या देठं खुडत राहिल्या. मग सावकाश विचारलं, “अशी अजून किती आहेत?”

मी खरं सांगितलं. मला माहीत नव्हतं.

७

सोमवारी समितीपुढे मी कार्ड ठेवलं आणि अहवाल मागे घेतला. काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. डोळ्यांचे डॉक्टर समोर होते. दवाखान्यात मी त्यांना तोऱ्यात काय म्हटलं होतं ते त्यांच्या नक्की लक्षात असणार, पण त्यांनी ते काढलं नाही, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. भाऊंचे जावई डोकं धरून बसले होते. मी राजीनामा लिहून नेला होता, तो पुढे केला.

बाईंनी तो वाचलासुद्धा नाही. “हे सोपं आहे,” त्या म्हणाल्या. “तू गेलास तर तुझी चार हजार कार्डं तपासायची कोणी? त्यातली कुठली पाहिलीस आणि कुठली नाही, हे तुझ्याखेरीज कोणाला ठाऊक आहे?”

कोशाची छपाई थांबवली. मावशींना सन्मानाने परत बोलावलं. त्या आल्या, उशी खुर्चीवर ठेवली आणि किल्ल्या कमरेला लावल्या. माझ्या समोरचं टेबल त्यांनी स्वतःसाठी मागून घेतलं. पद्धतही त्यांनीच ठरवली. हिरव्या खुणेचं एक एक कार्ड त्या काढणार, पुस्तकाचं नाव आणि पान वाचणार, मी पाहिलं होतं की नाही ते सांगायचं. बाई यादी करणार. दार उघडं ठेवायचं. शंका असेल तर ‘नाही’ म्हणायचं.

मंगळवारी दहा वाजता आम्ही बसलो. पलीकडच्या खोलीतले सगळे आपापल्या कामात होते, निदान तसं दाखवत होते.

मावशींनी पहिलं कार्ड वाचलं. ते मी खरोखर पाहिलं होतं, पान कुठे दुमडलेलं होतं तेही आठवत होतं. मी हो म्हणालो. दुसऱ्यालाही हो म्हणालो. मला वाटू लागलं की कदाचित त्या एका गठ्ठ्यापुरतंच असेल, कदाचित मी एवढा वाईट माणूस नसेन.

तिसरं कार्ड सांध्यांच्या एका आजाराचं होतं. ते भाऊंनी लिहिलेलं नव्हतं. एका साध्या लेखनिकाने लिहिलं होतं, आणि तो माझ्या समोर बसलेलाही नव्हता. त्या दिवशी मला घरी लवकर जायचं होतं, एवढंच.

“नाही,” मी म्हणालो.

मावशींनी कार्ड डावीकडे ठेवलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

“मोठ्याने सांग,” त्या म्हणाल्या. “बाईला ऐकू आलं नाही.”